प्रवासातल्या घरगुती फोटोंवरून कापडी पट: निळी छपाई धुऊन जाते, चेहऱ्यांचे डाग होतात, टाके घातले की चुण्या पडतात

वाटसरू१२ (प्रश्न)

घरच्यांच्या प्रवासातल्या बारा फोटोंवरून भिंतीवर टांगायचा एक पट करायचा आहे. तीन रांगा, प्रत्येक रांगेत चार चौकटी आणि प्रत्येक चौकटीत २० × २५ सेंमीचं उभं चित्र. कापड पांढरं पॉपलीन, साधारण ११० ग्रॅम प्रति चौरस मीटर. मुख्य छपाई सायनोटाइपची निळी, म्हणजे कापडाला रसायन लावून, वर निगेटिव्ह ठेवून उन्हात उमटवायची आणि मग पाण्यात धुवायची. तिच्यावरून प्रवासाच्या वाटेची एक विटकरी पट्टी बाराही चौकटींतून सलग न्यायची आहे, ती स्क्रीन प्रिंटने, म्हणजे ताणलेल्या जाळीतून रंग दाबून. शेवटी हातभरत.

सात फोटो जुने रंगीत प्रिंट आहेत, १० × १५ सेंमीचे. सगळे लालसर झालेत आणि त्यातले तीन खरखरीत कागदावरचे आहेत. बाकी पाच फोनवर मेसेजमधून आलेले.

चाचणीच्या तुकड्यांवर असं होतंय:

१. उन्हातून काढल्यावर चित्र गडद दिसतं, पाण्यात टाकलं की बहुतेक सगळं वाहून जातं आणि फिकट सावली उरते.
२. चेहरे म्हणजे नुसते निळे डाग. आकाश मात्र कोरं पांढरं.
३. जिथे निळा सपाट हवा तिथे ब्रशचे पट्टे आणि ठिपके.
४. भरतकाम केलेल्या जागी कापड गोळा होतं.

द्रावण नेहमीचं दोन भागांचं, ब्रशने लावलेलं. निगेटिव्ह पारदर्शक फिल्मवर इंकजेटने छापलेली. ऊन ८ मिनिटं. कुठल्या क्रमाने काय बदलावं? आणि विटकरी पट्टी निळ्याच्या आधी छापायची की नंतर?

निळीशाई

पहिली आणि तिसरी अडचण एकाच जागची आहे: द्रावण धाग्यात शिरलेलं नाही, कापडाच्या वरच बसलंय. नव्या पॉपलीनला खळ असते आणि पुष्कळदा सुरकुत्या पडू नयेत म्हणून वेगळा थरही दिलेला असतो. कोरड्या कापडावर पाण्याचा एक थेंब टाकून पाहा. दोन-तीन सेकंदांत पसरून शोषला गेला तर कापड तयार आहे. मण्यासारखा बसून राहिला तर कितीही ऊन दिलं तरी निळा वाहूनच जाणार.

खळ काढायला कापड ६० अंशांच्या पाण्यात साबण आणि थोडा धुण्याचा सोडा घालून धुवा, मग तीन-चार पाण्यांतून काढा. सोडा उरता कामा नये, कारण हा निळा रंग अल्कलीत तुटतो. शेवटून दुसऱ्या पाण्यात लिटरला दोन चमचे पांढरं व्हिनेगर घातलं की उरलासुरला सोडा मारला जातो. सॉफ्टनर अजिबात नको, तो पुन्हा थेंब अडवणारा थर चढवतो. कापड खरोखर शंभर टक्के सुती आहे का, हेही बघा. एक धागा जाळा. सुताची भुरभुरीत राख होते आणि वास जळक्या कागदाचा येतो. टोकाला कडक गोळी झाली तर पॉलिएस्टर मिसळलेलं आहे, आणि त्यावर निळा धरत नाही.

आता प्रमाण. पहिलं द्रावण: हिरवं फेरिक अमोनियम सायट्रेट २५ ग्रॅम, पाणी घालून १०० मिली. दुसरं: पोटॅशियम फेरीसायनाईड १० ग्रॅम, पाणी घालून १०० मिली. वापरताना दोन्ही समसमान. तुमच्या कामाचा हिशोब असा: २० × २५ च्या चित्राभोवती कोरी किनार, शिवणीची जागा आणि आटणं धरून तुकडा २७ × ३२ सेंमीचा कापा. बारा तुकडे आणि दोन जास्तीचे, म्हणजे सुमारे १.२ चौरस मीटर, वजन साधारण १३३ ग्रॅम. बुडवून दाबून काढलेलं सुती कापड जवळपास आपल्या वजनाइतकं द्रावण धरतं. त्यात ताटात उरणारं धरून १८० मिली पुरेल. म्हणजे सायट्रेट २२.५ ग्रॅम ९० मिलीत आणि फेरीसायनाईड ९ ग्रॅम ९० मिलीत. दोन्ही वेगवेगळी गडद बाटल्यांत राहतात (सायट्रेटवर बुरशी येते, आली तर गाळून घ्या), पण एकत्र केलेलं त्याच दिवशी संपवा.

ब्रश सोडा, बुडवा. कागदावर ब्रश चालतो, कापडावर त्याचा प्रत्येक फटका दिसतो. तुकडा ताटात एक मिनिट पूर्ण बुडवून ठेवा. बाहेर काढल्यावर पिळू नका. पिळलेल्या घडीत द्रावण जास्त साठतं आणि तिथे गडद शिरा उमटतात. दोन जुन्या टॉवेलांमध्ये सपाट दाबून काढा (टॉवेल निळे होणार, हे धरून चाला). वाळवणंही आडवंच, प्लास्टिकच्या जाळीवर, अंधारात, मध्ये एकदा उलटून. दोरीवर टांगलं तर द्रावण खालच्या काठाला उतरतं आणि तिथे पट्टा येतो. पूर्ण वाळलेलं कापड हिरवट पिवळं दिसतं. आधीच निळसर झालं असेल तर त्याला उजेड लागलाय, ते चाचणीला वापरा. किंचित दमट राहिलं तर फिल्मवरची शाई सुटून कापडाला चिकटते. तुमचे ठिपके त्याचेही असू शकतात.

आठ मिनिटं कापडाला सहसा अपुरी पडतात. अतिनील किरण पडतात तिथे लोहाचं रूप बदलतं आणि ते फेरीसायनाईडशी मिळून न विरघळणारा निळा बनवतं. जिथे हे पुरतं झालेलं नाही तिथलं सगळं पाण्यात विरघळतं. पाण्यात टाकण्याआधी गडद दिसणं हा पुरावा नाही. निगेटिव्हबाहेरचा उघडा काठ बघत राहा: हिरवा, मग निळा, मग करडा, आणि शेवटी तपकिरी करड्याकडे झुकणारा मळकट रंग. तो मळकट रंग आला की थांबा. नेमका वेळ ठरवायला एक लांब पट्टी घ्या, पुठ्ठा सरकवत ४, ८, १२, १६, २० मिनिटांचे टप्पे पाडा, धुवा आणि वाळवून मगच बघा. ओल्यात निळा फसवा असतो. ही पट्टी काढताना वर निगेटिव्हचीच कोरी फिल्म ठेवा. तिच्याखालचा निळा ज्या टप्प्याला सगळ्यात गडद होऊन पुढे बदलत नाही, तो तुमचा वेळ. हा वेळ त्या तासाच्या, त्या ऋतूच्या उन्हाचा असतो. सकाळी काढलेला आकडा दुपारी चालत नाही.

मांडणी: खाली कडक फळी, तिच्यावर पातळ फोम, मग कापड, मग निगेटिव्ह छापील बाजू कापडाला टेकवून (म्हणून चित्र आरशासारखं उलटं छापायचं), वर ३–४ मिमी जाडीची काच आणि चारही बाजूंना चिमटे. फोम वगळू नका. कापडाचं विणकाम उंचसखल असतं. खालून दाब नसेल तर फिल्म आणि धागा यांच्यात फट राहते आणि कडा पसरतात.

धुणं साध्या गार पाण्यात १० ते १५ मिनिटं, दोन-तीनदा पाणी बदलून, पांढऱ्या भागातला पिवळेपणा पूर्ण जाईपर्यंत. पहिल्या पाण्यात थोडा निळा जाणारच. पिवळं उरलं तर पुढे उजेडात तेही निळं होतं आणि पांढरा मळतो. पूर्ण गडद निळा हवेतल्या ऑक्सिजनने एका दिवसात येतो. लगेच बघायचा असेल तर लिटरभर पाण्यात ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साईड १० मिली घालून अर्धा मिनिट बुडवा. त्याने अंतिम रंग गडद होत नाही, फक्त लवकर दिसतो.

हातमोजे घाला, भुकटी तोलताना मास्क लावा, स्वयंपाकाची भांडी वापरू नका. फेरीसायनाईड तीव्र आम्लापासून लांब ठेवा, त्या संयोगातून विषारी वायू निघतो.

एक सुचवणी. जॉन हर्शेलने ही पद्धत १८४२ साली काढली आणि पुढच्याच वर्षी ॲना ॲटकिन्सने समुद्रशैवाल थेट कागदावर ठेवून या पद्धतीने चित्रं छापायला सुरुवात केली. तिला निगेटिव्ह लागली नाही. प्रवासातून आणलेलं वाळकं पान, पीस किंवा जाळीदार लेस घरात असेल तर चौकटीच्या कोपऱ्यात निगेटिव्हशेजारी ठेवा. वस्तूची छाया तिच्या खऱ्या मापात उमटते आणि फोटोच्या शेजारी फार जिवंत दिसते.

जुने_अल्बम

दुसऱ्या अडचणीबद्दल. चेहऱ्यांचं काम कापडावर नाही, स्कॅनमध्ये आणि निगेटिव्हमध्ये करायचं असतं.

लालसर झालेल्या प्रिंटचा रंग दुरुस्त करत बसू नका. तुम्हाला शेवटी एकच रंग हवाय. अशा प्रिंटमध्ये सायन रंगद्रव्य उडालेलं असतं. सायन द्रव्य लाल उजेड अडवतं, म्हणून स्कॅनच्या लाल चॅनेलमध्ये (स्कॅन लाल, हिरवा, निळा अशा तीन थरांचा असतो, त्यातला एक थर म्हणजे चॅनेल) आता जवळपास काही उरलेलं नसतं. मॅजेंटा बऱ्यापैकी टिकलेलं असतं आणि त्याची माहिती हिरव्या चॅनेलमध्ये येते. स्कॅन रंगीतच करा, १६ बिटचा, आणि कृष्णधवल करताना फक्त हिरवा चॅनेल घ्या. ‘ग्रेस्केल करा’ हे बटण दाबलंत तर उडालेला लाल त्यात मिसळतो आणि चेहरा पिठूळ होतो. फरक एकदा शेजारी ठेवून बघा, बरेच तपशील परत येतात.

१० × १५ सेंमीचा प्रिंट ६०० डीपीआयने स्कॅन केला की साधारण २४०० × ३६०० पिक्सेल मिळतात. तो २० सेंमी रुंदीला ताणला तर इंचाला ३०० पिक्सेल पडतात. कापडाला १५० पुरतात, म्हणजे निम्मी चौकट कापून टाकायची मोकळीक आहे. ती वापरा. निगेटिव्ह रोल सापडला तर प्रिंट सोडून तोच स्कॅन करा, २४०० डीपीआय किंवा जास्त.

खरखरीत कागदाचे तीन प्रिंट दोनदा स्कॅन करा, दुसऱ्यांदा प्रिंट १८० अंशांत फिरवून. स्कॅनरचा दिवा एका बाजूने पडतो, त्यामुळे कागदाच्या उंचवट्यांच्या सावल्या दुसऱ्या स्कॅनमध्ये उलट्या बाजूला जातात. दोन्ही प्रती सरळ करून एकावर एक नेमक्या बसवा आणि वरच्या थराची पारदर्शकता ५० टक्के करा. सावल्या एकमेकींना खोडतात. पूर्ण जात नाहीत, पण कापडाच्या विणीत उरलेल्या लपतात.

मेसेजमधून आलेल्या फोटोंची लांब बाजू पुष्कळदा १६०० पिक्सेलच्या आसपास असते. २५ सेंमीला तेवढे चालून जातात. खरी अडचण आकाराची नाही, दाबलेल्या फाइलची आहे. कॉन्ट्रास्ट वाढवला की मोकळ्या आकाशात चौकोनी ठोकळे दिसू लागतात. ज्यांनी फोटो काढले त्यांच्याकडून मूळ फाइल मागवा आणि ती फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

आता चेहरे. प्रवासातले फोटो बहुतेक भर दुपारचे: डोक्यावर टोपी, टोपीखाली काळी सावली, मागे जळजळीत आकाश. सायनोटाइप इतका मोठा पल्ला पेलत नाही. ते निगेटिव्हमध्येच दाबून बसवावं लागतं. त्यासाठी आधी ० ते १०० टक्के करड्याच्या ११ चौकोनांची पट्टी निगेटिव्हसारखीच उलटी करून, त्याच फिल्मवर, त्याच प्रिंटरने छापा आणि ठरलेल्या वेळेने कापडावर काढा. वाळल्यावर बघा. समजा ०, १० आणि २० हे तिन्ही कोरे पांढरे आले आणि ८०, ९०, १०० एकसारखे गडद आले, तर तुमच्या हातात फक्त २० ते ८० ची जागा आहे. फोटोचा सगळा तपशील कर्व्हने (फोटोच्या प्रोग्रॅममधलं छटा हलक्या-गडद करायचं साधन) त्या जागेत आणा, मगच फोटोचं निगेटिव्ह करा. तुमचं आकाश कोरं येतंय ते याचमुळे. शिवाय टोपीखालची सावली वेगळी निवडून उजळा, आत्ता वाटतं त्याहून जास्त.

आणि एक मर्यादा मान्य करा. हनुवटी ते टाळू हे अंतर छापलेल्या कापडावर ४ सेंमीपेक्षा कमी असेल तर डोळे-ओठ येणार नाहीत. धागे, काठाशी थोडं झिरपणं आणि फिल्मचं रिझोल्यूशन मिळून अर्ध्या मिलिमीटरच्या आतलं काही धड टिकत नाही. अशा फोटोंत दोनच वाटा आहेत: एक तर माणसाभोवती जवळून कापा, नाहीतर माणूस मुद्दाम काळोख्या आकृतीसारखा ठेवा. समुद्राकडे तोंड करून उभी आई, डब्याच्या खिडकीतून बाहेर झुकलेलं पोर, ही पाठमोरी किंवा बाजूची आकृती चेहरा नसतानाही ओळखू येते. उभं राहण्याची ढब ओळख देते. बारा फोटो निवडताना ओळीत उभं राहून कॅमेऱ्याकडे बघणारे गट कमी घ्या. अल्बममध्ये ते महत्त्वाचे असतात, कापडावर नाही.

जाळी_स्क्वीजी

विटकरी पट्टी: निळ्याच्या नंतर. पण एक धोका आहे. कापडावर छापायच्या, पाण्यात कालवलेल्या पिगमेंट रंगांच्या बाइंडरमध्ये (रंग कापडाला धरून ठेवणारा चिकट भाग) बऱ्याचदा अमोनिया असतो, म्हणजे पेस्ट अल्कलीच्या बाजूची असते. निळीशाईंनी वर सांगितलं तेच इथे लागू होतं: पट्टीखालचा आणि तिच्या काठाचा निळा पिवळट पडू शकतो. तुमच्या डब्यातला रंग निळ्या तुकड्यावर लावा, पक्का करा, एक दिवस ठेवा आणि काठ बघा. पिवळी कड दिसली तर दुसरा बाइंडर शोधा. उलट क्रमात, म्हणजे पट्टी आधी छापून, तो भाग द्रावण नीट पीत नाही. तिथे निळा कमी येईल आणि पट्टीभोवती फिकट रेषा राहील.

पट्टी सपाट एका रंगाची आहे, तिच्यासाठी फोटो इमल्शन लावून स्क्रीन तयार करायची गरज नाही. पातळ पॉलिएस्टर फिल्ममध्ये आकार कापा, स्क्रीनच्या खाली चिकटवा, झालं. जाळी ४३टी चालेल, म्हणजे सेंटीमीटरला ४३ धागे. स्क्रीन आणि कापड यांत २–३ मिमी अंतर, स्क्वीजी (जाळीवरून रंग ओढायची रबरी पट्टी) मध्यम कडक, दोन फटके. दोन चौकटींमध्ये थांबलात तर रंग जाळीत वाळतो. तेव्हा प्रत्येक फटक्यानंतर रंग हलक्या हाताने जाळीवर पसरवून ठेवा, ती भरलेली राहिली पाहिजे. पक्कं करायला रंगाच्या डब्यावरचं तापमान आणि वेळ पाळा. बहुतेकांना १५० अंशांच्या आसपास काही मिनिटं लागतात. घरच्या इस्त्रीने करत असाल तर सुती कापड मध्ये ठेवून, वाफ बंद, एकेका जागी पुरेसा वेळ. भराभर फिरवलेली इस्त्री रंग पक्का करत नाही. पहिल्या धुण्यात ते कळतं.

सलग पट्टीची खरी अडचण शिवणीत आहे. चौकटी सुट्या छापून जोडल्या तर प्रत्येक शिवण दोन्ही बाजूंचा एकेक सेंमी खाते आणि तिरकी पट्टी जोडावर तुटते. म्हणून आधी जोडा, शिवणी उघडून दाबा, मग पट्टी. पण जोडलेल्या कापडावर शिवणीचा उंचवटा असतो आणि तिथे स्क्वीजी उडी मारते. खाली जाड ब्लँकेट घातलं तर थोडं सुधारतं. मी असतो तर जोडांवरून जाताना स्क्रीन बाजूला ठेवून तीच फिल्म स्टेन्सिल म्हणून वापरली असती आणि जवळपास कोरड्या स्पंजने रंग टिपला असता. स्पंज भिजलेला असेल तर रंग फिल्मखाली शिरतो.

एखादा फोटो निळ्याऐवजी स्क्रीननेच छापावा असं वाटलं तर हाफटोन लागेल, म्हणजे छटांऐवजी लहानमोठे ठिपके. जाळीचे इंचाला किती धागे ते बघा आणि त्याला साडेचारने भागा, तेवढी ठिपक्यांची घनता झेपते. ७७टी म्हणजे इंचाला सुमारे १९५ धागे, तेव्हा ४० ते ४३ च्या वर जाऊ नका. कोन २२.५ अंश, नाहीतर ठिपके आणि जाळी मिळून लाटांची नक्षी तयार होते. कापडावर ठिपका फुगतो, म्हणून फाइलमधला सगळ्यात गडद भाग ८५ टक्क्यांवर आणि सगळ्यात हलका १० वर आणा. आणि स्क्रीनला निगेटिव्ह नाही, पॉझिटिव्ह फिल्म लागते. सायनोटाइपमधून इकडे येणारे इथे हमखास चुकतात.

गाठीचा_टाका

मी पट्टी छापूच नये या मताची आहे. चौकटी जोडून झाल्यावर जाड विटकरी दोरा किंवा पातळ वळलेली दोरी कापडावर ठेवून वरून बारीक दोऱ्याने दर ५–६ मिमीवर आडवा टाका घालत बसवा. शिवण आडवी आली तरी दोरा तिच्यावरून सहज जातो, वळणं हातात असतात, अमोनियाचा प्रश्नच उरत नाही. नकाशावरच्या वाटेसारखी दिसते ती अशीच. जोडावर दोरा ओढून धरू नका, किंचित सैल सोडा, नाहीतर पट टांगल्यावर तिथे आत खेचला जातो.

चुण्यांचं कारण बहुधा हे: ११० ग्रॅमच्या एकेरी कापडावर सहाही पदरांचा दोरा आणि घट्ट हात. छापलेल्या, धुतलेल्या, इस्त्री केलेल्या तुकड्यामागे पातळ सुती वॉयल लावा. तीही आधी धुऊन आटवलेली हवी, नाहीतर पुढे एक थर आटेल आणि दुसरा नाही. दोन्ही थर मधूनमधून कच्च्या धावदोऱ्याने जोडा, ८–१० सेंमीच्या अंतराने, मग रिंगमध्ये ताणा. दोरा दोनच पदर, सुई भरतकामाची ८ नंबरची. रिंग रोज काम संपल्यावर काढून ठेवा, तिची खूण छपाईवर बसते आणि इस्त्रीने पूर्ण जात नाही. मागच्या बाजूने दोरा एका आकारातून दुसऱ्यात २ सेंमीपेक्षा लांब नेऊ नका. तो ताणला जातो आणि समोर चुणी दिसते.

कुठे टाके घालायचे हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. चेहऱ्यावर नको. निळ्यातली छटा इतकी नाजूक असते की एक टाका तिला झाकून टाकतो आणि चेहरा मुखवट्यासारखा दिसतो. जिथे छपाई मुकी आहे तिथे घाला: पाण्याच्या लाटांना सुटे धावदोरे, जहाजाच्या कठड्याला उलटी टीप, बॅगेच्या पट्ट्याला साखळी टाका, गवताला वेगवेगळ्या लांबीचे सरळ टाके, वाळूला दूरदूर गाठीचे टाके. धावदोऱ्याच्या रांगांची दिशा फोटोतल्या गतीची असू द्या. पांढरा आणि फिकट करडा दोरा निळ्यावर सगळ्यात बोलका दिसतो. दुसरा रंग घ्यायचाच तर बाराही चौकटींत एकच, तुमच्या पट्टीचा विटकरी. प्रत्येक फोटोला त्याचे मूळ रंग परत द्यायला गेलात तर बारा वेगळी चित्रं होतील, एक पट होणार नाही.

लाल-विटकरी दोरा आधी ओल्या पांढऱ्या कापडात दाबून रंग सुटतो का ते बघा. आखणीला उष्णतेने पुसणारं पेन वापरू नका, थंडीत त्या रेघा परत उमटतात. पातळ कागदावर आकार काढा, कापडावर टाचा, कागदासकट कच्चे टाके घाला आणि मग कागद फाडून काढा.

वाटसरू१२

थेंब मण्यासारखाच बसला. धागाही जाळून पाहिला, कापड सुतीच आहे, म्हणजे खळच होती. धुतल्यानंतर १६ मिनिटांच्या टप्प्याला निळा पक्का आला. पट्टीऐवजी दोरा बसवतो. अजून दोन प्रश्न: बारापैकी तीन चौकटी, सगळ्यात जुन्या प्रवासाच्या, तपकिरी करायच्या आहेत. ते कोणत्या टप्प्यावर? आणि पूर्ण पट धुता येईल का?

निळीशाई

तपकिरी टाक्यांच्या आधी आणि जोडण्याच्याही आधी, छपाईनंतर एक-दोन दिवसांनी, निळा पूर्ण बसल्यावर. लिटरभर पाण्यात धुण्याचा सोडा ५ ग्रॅम. ओला तुकडा त्यात हलवत राहा. निळा जांभळट होतो, मग उडून पिवळट व्हायला लागतो. अर्धा ते एक मिनिट पुरतं. पूर्ण पिवळा होऊ दिला तर गडद भागातले तपशील परत येत नाहीत, जांभळट असतानाच काढा. लगेच भरपूर पाण्यात धुवा. मग टॅनिन: काळा चहा, लिटरला सहा पिशव्या, उकळून, गाळून, गार करून. त्यात अर्ध्या तासापासून पुढे, दर दहा मिनिटांनी बघत. टॅनिन पांढऱ्या कापडालाही रंगवतं, पार्श्वभूमी हस्तिदंती होते. ती बाकीच्या नऊ चौकटींच्या पांढऱ्याशेजारी वेगळी दिसेल. तसं नको असेल तर वेळ कमी ठेवा आणि थोडा फिकट तपकिरी पत्करा. सोड्याच्या पायरीशिवाय थेट चहात ठेवलं तर निळा काळपट होतो, तोही चांगला दिसतो आणि त्यात तपशील जास्त टिकतात. तीन तुकड्यांना एकाच भांड्यात, एकाच वेळी ठेवा. एकामागून एक केलेत तर तीन वेगळे तपकिरी येतील.

धुण्याचं: गार पाणी, अल्कली नसलेला सौम्य साबण, दोन मिनिटांत बाहेर. कपड्यांची पावडर, ब्लीच आणि डाग काढायचे फवारे नकोत. पावडरीतला सोडा पुरा पट पिवळा करेल. कडक ऊन पडणाऱ्या भिंतीवर लावू नका. फार उजेडाने निळा फिकट झालाच तर पट काही दिवस अंधारात, हवा लागेल असा ठेवा, बराचसा रंग परत येतो. तपकिरी केलेल्या चौकटींना हे लागू नाही.

गाठीचा_टाका

धुण्याची वेळ येऊ नये अशीच बांधणी करा. मागे अस्तर, मध्ये भरण घ्यायचंच तर सगळ्यात पातळ. जाड भरणावर चौकटी फुगतात आणि फोटो वळलेले दिसतात. अस्तराच्या वरच्या काठाला ८ सेंमी रुंदीची नळी हाताने शिवा, दोन्ही टोकांना २ सेंमी आत थांबवून, आणि तिच्यातून सपाट लाकडी पट्टी घाला. गोल काठी घातली तर वरची रांग पुढे फुगते. नळी शिवताना तिच्या भिंतीकडच्या बाजूला थोडी ढिलाई द्या, म्हणजे पट्टीची जाडी त्या ढिलाईत सामावते आणि पट सरळ पडतो. धूळ काढायला व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीवर पातळ जाळी बांधून, कमी ओढीवर, न टेकवता फिरवा. काढून ठेवायचा असेल तर घडी नको. छापील बाजू बाहेर ठेवून जाड पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळा, मध्ये आम्लरहित कागद. अल्कली मिसळलेला ‘बफर्ड’ कागद मिळाला तर तो घेऊ नका, निळ्याला तो चालत नाही.